काचेच्या समुद्रातील शेवाळ

पूर्वेचा समुद्र घ्या की पश्चिमेचा, नागपूरपासून तो शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही येथे घरात समुद्री मासे पाळता येतात. समुद्री क्षारांचे तयार मिश्रण लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात शुद्ध पाण्यात विरघळवले की काचेच्या पेटीत छोटासा समुद्र तयार होतो. पण काही आठवड्यांतच काचेवर तपकिरी थर बसतो. मग दगडांवर केसांसारखे हिरवे तंतू वाढतात आणि वाळूवर लालसर, बुळबुळीत पडदा पसरतो. काच घासली, तंतू उपटले, तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच! असे का व्हावे?

कुळे निराळी, भूक एकच

तपकिरी थर असतो डायाटम या एकपेशीय शैवालांचा. त्यांची कवचे सिलिकाची असतात. पाण्यातील सिलिका संपत आली की ती बहुधा आपोआप ओसरतात. हिरवे तंतू म्हणजे हरित शैवाले. लाल पडदा मात्र सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचा असतो. त्यांना पूर्वी नीलहरित शैवाल म्हणत. या साऱ्यांना प्रकाश व कार्बन डायॉक्साइड यांच्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस हवेच असतात.

आल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये समुद्रातील सूक्ष्म तरंगत्या जीवांत या मूलद्रव्यांचे प्रमाण बरेचसे ठरलेले असते, हे दाखवून दिले. फॉस्फरसच्या १ अणूमागे नायट्रोजनचे १६ व कार्बनचे १०६ अणू, असे ते प्रमाण आज मानले जाते. म्हणजे फॉस्फरस थोडासाच लागतो, पण तेवढ्यावर शेवाळाचा मोठा देह उभा राहतो.

हे अन्न येते कोठून?

ते आपणच घालतो. माशांना दिलेल्या खाद्यात नायट्रोजन व फॉस्फरस असतात. मासे त्यातला काही भागच अंगी लावतात. उरलेले विष्ठेतून व कुजलेल्या खाद्यातून पाण्यात येते. त्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. अमोनिया माशांना फार विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. पण नायट्रेट पाण्यात साठत जाते, आणि शेवाळाला तेच हवे असते.

दुसरी वाट नागपूरकरांना कूलरवरून कळेल. उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्यावर पांढरट थर बसतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. मत्स्यपेटीतही असेच घडते. समजा, १०० लिटरच्या पेटीतून मे महिन्यात रोज २ लिटर पाणी उडाले, तर महिन्यात ६० लिटर पाणी वरून घालावे लागेल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. पाणी अगदी त्या मर्यादेवरचे असेल तर ६० लिटरांबरोबर २७०० मिलिग्रॅम, म्हणजे पेटीच्या दर लिटरला २७ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडेल. माणसाला चालणारे पाणी शेवाळाला असे खत ठरू शकते. म्हणून वरून घालायचे पाणी ऊर्ध्वपातित किंवा आर.ओ. यंत्रातून काढलेले असावे. त्यात मीठ घालू नये, कारण मीठ पेटीतच राहिलेले असते.

पाणी बदलण्याचे गणित

समजा, खाद्यामुळे आठवड्याला दर लिटरमागे ७ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते आणि आपण दर रविवारी १० टक्के पाणी बदलतो. नायट्रेट कोठवर चढेल? जेव्हा १० टक्क्यांबरोबर जाणारे नायट्रेट ७ मिलिग्रॅम होईल तेव्हा वाढ थांबेल. म्हणजे ७० मिलिग्रॅमवर. २० टक्के पाणी बदलले तर ती ३५ वर थांबेल. पण खाद्य निम्मे केले, तरीही ३५ वरच! म्हणून दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

औषध की काटा?

शेवाळ मारायला तांब्याची औषधे वापरण्याचा मोह होतो. पण तांबे शंख, खेकडे, प्रवाळ यांनाही मारते. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपवते आणि साठवलेले नायट्रोजन-फॉस्फरस पुन्हा पाण्यात सोडते. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. त्यामुळे मासे रातोरात गुदमरू शकतात.

त्यापेक्षा काट्याने काटा काढावा. शेजारच्या छोट्या पेटीत प्रकाश देऊन केटोमॉर्फा हे मोठे शैवाल मुद्दाम वाढवतात आणि दर आठवड्याला थोडे कापून बाहेर टाकतात. त्याच्याबरोबर नायट्रेट व फॉस्फेटही बाहेर जाते. हाताने उपटलेले तंतूही बाहेरच टाकावेत. मुख्य पेटीचा दिवा रोज आठ तासांच्या आसपास ठेवावा. शेवाळ खाणारे शंखही मदत करतात. निसर्गात या चरणाऱ्यांचे महत्त्व केवढे, हे कॅरिबियन समुद्रात दिसले. तेथे १९८३-८४ मध्ये डायडेमा जातीचे बहुसंख्य समुद्री साळू रोगाने मेले आणि अनेक ठिकाणी प्रवाळांवर शेवाळ माजले.

पेटीतून तलावाकडे

हाच हिशेब अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर या तलावांनाही लागू पडतो. सांडपाणी किंवा निर्माल्य पाण्यात आले की नायट्रोजन-फॉस्फरसही येतात. वरचा हिरवा थर कितीही काढला, तरी येणारे अन्न थांबेपर्यंत तो पुन्हा धरणारच.

करून पाहा : चार सारख्या काचेच्या बाटल्यांत तलावाचे पाणी घ्या. पहिलीत काही घालू नका. दुसरीत युरियाचे दोन-तीन दाणे, तिसरीत सुपर फॉस्फेटची अगदी छोटी चिमूट, चौथीत दोन्ही घाला. तोंडे सैल झाकून बाटल्या उजेडात ठेवा आणि तीन आठवडे पाण्याच्या रंगाची नोंद करा. तलावाचे पाणी तोंडात जाऊ देऊ नका व नंतर हात साबणाने धुवा. तुमच्या तलावात कोणत्या अन्नाची कमतरता होती, याचा अंदाज या बाटल्याच देतील.