नव्या शहरात पहिले पाऊल : सुरक्षितता आणि स्वसंरक्षण

रायगड जिल्ह्यातील रोहे शहराला लागून वरसे हे गाव आहे. जवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे बाहेरगावची अनेक कुटुंबे या परिसरात येऊन स्थिरावली. त्याचबरोबर येथील तरुण-तरुणी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पनवेल, मुंबई, पुणे येथे जातात. मुलगा शहरात निघाला की घरात त्याचे कौतुक होते. मुलगी निघाली की तिच्या सुरक्षिततेची काळजी घरच्यांना ग्रासते. ही काळजी अनाठायी नाही. परंतु केवळ भीतीपोटी हाती आलेली संधी नाकारली गेली, तर नुकसान त्या मुलीचे आणि तिच्या कुटुंबाचेच होते. भीतीची जागा पूर्वतयारीने घेतली पाहिजे.

ओळखीचे कडे

कोकणातून मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाला गेलेला चाकरमानी शहरात सहसा एकटा नसे. गिरणगावात त्याच्या गावकऱ्यांची खोली असे, जेवणासाठी खानावळ असे आणि तो रात्री परतला नाही तर चौकशी करणारी माणसे असत. हे ओळखीचे कडेच त्याचे खरे संरक्षण होते. आज वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणीला असे कडे आयते मिळत नाही. ते तिने जाणीवपूर्वक उभारावयाचे असते. राहण्याचा पत्ता, घरमालकाचा व सहकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक घरी देणे, शेजारच्या एखाद्या कुटुंबाशी परिचय करून घेणे आणि जवळचे पोलीस ठाणे प्रत्यक्ष पाहून ठेवणे, ही कामे पहिल्याच आठवड्यात उरकावीत.

निवासाची व्यवस्था गाव सोडण्यापूर्वीच झालेली असावी. नोकरी करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृहे उभारण्याची केंद्र शासनाची योजना १९७२-७३ पासून राबविली जात असून ती आता ‘सखी निवास’ या नावाने ओळखली जाते.

पोहोचण्याची वेळ

५ जानेवारी २०१४ रोजी पहाटे मुंबईत नोकरी करणारी २३ वर्षांची एक अभियंता तरुणी गावाहून परतताना कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली आणि बेपत्ता झाली. १६ जानेवारीस तिचा मृतदेह कांजूरमार्ग परिसरात आढळला. या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीची सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. या घटनेत दोष त्या तरुणीचा नव्हता. प्रवाशाला सुरक्षित पोहोचविणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. तरीही अनोळखी स्थानकात पहाटेची वेळ सर्वांत एकाकी असते, हे ध्यानात घ्यावे. शक्यतो दिवसा पोहोचणारी गाडी निवडावी. तसे न जमल्यास उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबावे. स्वतःहून जवळ येऊन वाहन देऊ करणाऱ्याबरोबर जाऊ नये. वाहनाचा क्रमांक बसण्यापूर्वीच घरी कळवावा. रेल्वे प्रवासातील मदतीसाठी १३९ हा क्रमांक उपलब्ध आहे.

रेल्वे कायद्यातील एक तरतूद अनेकांना ठाऊक नसते. एकट्या स्त्रीजवळ तिकीट नसले, तरी तिला रात्रीच्या वेळी वाटेतील कोणत्याही स्थानकावर उतरविता येत नाही.

स्वसंरक्षण म्हणजे काय?

स्वसंरक्षणाचा हेतू हल्लेखोराला पराभूत करणे हा नसून त्याच्या तावडीतून सुटणे हा आहे. मोठ्याने ओरडणे, धरलेला हात झटक्याने सोडविणे, वर्दळीच्या दिशेने धावणे या साध्या कृतीही सरावाशिवाय ऐनवेळी सुचत नाहीत. म्हणून ज्यूदो, कराटे यांसारखे प्रशिक्षण नियमित घ्यावे. शाळांतील मुलींना असे प्रशिक्षण देण्याची तरतूद समग्र शिक्षा अभियानात आहे. मात्र चोराने पैशाचे पाकीट वा दागिना मागितला, तर तो देऊन जीव वाचविणे शहाणपणाचे ठरते.

प्रतिकार केला तर आपणच गुन्हेगार ठरू, अशी शंका अनेकांच्या मनात असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क मान्य केलेला आहे. मात्र बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरावे, असे बंधन त्यावर आहे. हल्ला टळल्यानंतर सूड म्हणून केलेली मारहाण या हक्कात बसत नाही.

मदत कोठे मिळेल?

तातडीच्या प्रसंगी ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकांवर संपर्क साधावा. गुन्हा कोठेही घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि नोंदविलेल्या माहितीची प्रत विनामूल्य मिळते. पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार करता येते. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत त्यासाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे.

या सर्व सोयींचा उपयोग मुलीने तोंड उघडले तरच होतो आणि ती तोंड उघडेल की नाही, हे बव्हंशी घरावर अवलंबून असते. तक्रार सांगताच “परत ये” असे ऐकावे लागेल, या धास्तीने कित्येक मुली गप्प राहतात. “घडले ते सांग, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत,” एवढा विश्वास आईवडिलांनी निरोप देतानाच द्यावा. धाटावच्या कारखान्यांत कामासाठी आलेली एखादी तरुणी आज वरसे परिसरात नवखी असेल. आपली मुलगी परक्या शहरात ज्या आपुलकीची अपेक्षा करते, ती या तरुणीला आपल्या गावात मिळावी. ओळखीचे कडे असेच दोन्ही बाजूंनी जुळत जाते.