‘कामगार’ या शब्दाबाहेरचे गुरुग्राम

न्यूयॉर्कमधील कार्यालये सकाळी नऊला उघडतात तेव्हा गुरुग्राममध्ये उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा, तर हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. आपल्याकडे घड्याळाला कोणी हात लावत नाही. काटे मागेपुढे होतात ते अमेरिकेत. तरीही दर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये नोएडा-गुरुग्राममधील असंख्य घरांची जेवणाची, मुलांना शाळेत सोडण्याची आणि झोपेची वेळ बदलते. परकीय कामाच्या तासांशी आयुष्य बांधून घेतलेला एवढा मोठा सुशिक्षित वर्ग भारताच्या इतिहासात यापूर्वी निर्माण झाला नव्हता. या वर्गाला कायद्याच्या भाषेत नेमके काय म्हणावे, हा प्रश्न मात्र आपण पंचवीस-तीस वर्षे टाळत आलो आहोत.

या उद्योगाचा जन्म दिल्लीच्या परिसरातच झाला, हे बंगळुरूच्या झगमगाटात विसरले जाते. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकन एक्स्प्रेसने हिशेबाची कामे दिल्लीत एकवटली. १९९७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या वित्तीय शाखेने गुरगावात आपले सेवा केंद्र थाटले. २००४ च्या अखेरीस याच केंद्राचा ६० टक्के हिस्सा सुमारे ५० कोटी डॉलरना विकला गेला आणि त्यातून ‘जेनपॅक्ट’ उभी राहिली. दरम्यान १९९९ चे नवे दूरसंचार धोरण आले, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरध्वनीवरील विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि समुद्रापलीकडचा आवाज स्वस्त झाला. राज्यकर्त्यांनी आपल्या परीने वाट मोकळी केली. हरियाणात लागू असलेला १९५८ चा पंजाब दुकाने व वाणिज्यिक आस्थापना कायदा स्त्रियांना रात्रपाळी करू देत नव्हता. या उद्योगाला त्यातून अटींसह सूट मिळाली. सूट देणाऱ्या यंत्रणेत मीही आयुष्य काढले आहे, म्हणून हे नमूद करतो: अशा फायलींवर गुंतवणूक आणि रोजगाराचे आकडे पहिल्या पानावर असतात, कामगाराच्या संरक्षणाच्या अटी परिशिष्टात. पुण्यात २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीची कंपनीच्या वाहनाच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने हत्या केली. परिशिष्टे गांभीर्याने वाचली जाऊ लागली ती अशा घटनांनंतर.

माझ्या सोसायटीत चाळिशीतला एक गृहस्थ राहतो. चौदा वर्षे एका परदेशी विमा कंपनीच्या दाव्यांची छाननी त्याने नोएडात बसून केली. गेल्या वर्षी त्याला तीन महिन्यांसाठी एक वेगळे काम देण्यात आले: मनिलातील एका चमूला रोज पडद्यावरून आपली कार्यपद्धती शिकवायची. कंपनीच्या परिभाषेत याला ‘नॉलेज ट्रान्सफर’ म्हणतात. हस्तांतर पूर्ण झाले आणि मनुष्यबळ विभागाने त्याला बोलावून राजीनाम्याचा तयार मसुदा पुढे ठेवला. “अंकल, सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचे चांगले पत्र, नाही केली तर पत्रात काय लिहू ते सांगता येत नाही, असे म्हणाले,” तो मला सांगत होता. त्याने सही केली.

मला २००४ साल आठवले. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि तेथील संगणक अभियंते हीच तक्रार करीत होते, की आपल्या जागी येणाऱ्या भारतीयाला आपल्यालाच शिकवावे लागते. राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे अध्यक्ष ग्रेगरी मॅनक्यू यांनी फेब्रुवारीत सांगितले, की काम परदेशी पाठवणे हा व्यापाराचाच नवा प्रकार असून दीर्घकाळात तो अर्थव्यवस्थेच्या हिताचा आहे. त्यावर त्यांच्याच पक्षाच्या सभापतींनी त्यांना फटकारले. आपल्याकडील अग्रलेखांनी मॅनक्यू यांची बाजू उचलून धरली होती. अर्थशास्त्र म्हणून ती बाजू आजही मला बहुतांशी योग्य वाटते. परंतु ‘दीर्घकाळ’ हा शब्द ज्याच्या घराचा हप्ता पुढच्या महिन्यात द्यायचा आहे त्याच्या उपयोगाचा नसतो, हे तेव्हा आपल्याला सांगावेसे वाटले नाही. आपण लाभार्थी होतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. काम नेहमी स्वस्त देशाकडेच जाते, असे नाही. २०१० च्या सुमारास दूरध्वनीवरील ग्राहकसेवेत फिलिपिन्सने भारताला मागे टाकले, तेव्हा तो देश भारताहून स्वस्त नव्हता. अमेरिकी राजवटीचा अर्धशतकाचा वारसा, त्यातून आलेले उच्चार आणि ग्राहकाच्या संस्कृतीशी असलेली जवळीक त्याच्या कामी आली. म्हणजे केवळ वेतन कमी ठेवून काम टिकवता येईल, या समजाला आधार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला अठराव्या शतकातील बंगाल आठवतो. ईस्ट इंडिया कंपनी प्रथम दादनी व्यापाऱ्यांमार्फत विणकरांना आगाऊ रक्कम देऊन कापड घेत असे. १७५३ मध्ये तिने ती पद्धत मोडून आपले गुमास्ते नेमले. विणकर तोच, माग तोच. पण मागणी कोणाच्या हाती आणि अटी कोण ठरवणार, हे पार बदलले. मुंबईच्या गिरण्यांचे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, तेव्हा देशाची सीमाही ओलांडावी लागली नव्हती. १९८२ च्या संपापूर्वीच ती वाट रुळलेली होती.

गिरणी कामगाराकडे निदान ‘कामगार’ ही ओळख होती. गुरुग्राममध्ये जुलै २००५ मध्ये होंडाच्या कारखान्यातील कामगारांवर पोलिसांनी केलेला लाठीमार साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला आणि संसदेत त्यावर गदारोळ झाला. तेथून काही किलोमीटरवर काचेच्या इमारतींत बसलेले तरुण स्वतःला त्या कामगारांचे भाईबंद मानत नव्हते. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होते आणि पदनामात ‘एक्झिक्युटिव्ह’. नोएडातीलच व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेचे बाबू पी. रमेश यांनी २००४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या मुलांना ‘सायबर कुली’ म्हटले, तेव्हा उद्योगजगताने संताप व्यक्त केला. शब्द कठोर होता, हे खरे. पण त्या अभ्यासातील मुख्य निरीक्षण असे होते, की व्यावसायिकतेचे आवरण चढवलेल्या या नोकऱ्यांत असुरक्षितता आणि देखरेख दोन्ही तीव्र आहेत. त्याला उत्तर मिळाले नाही.

कायदा काय सांगतो ते पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक, लिपिकीय, कुशल काम करणारा प्रत्येक जण कामगार होता, वेतन कितीही असो. वेतनाची मर्यादा होती ती फक्त पर्यवेक्षकांना. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही रचना तीच आहे. पर्यवेक्षकाची मर्यादा तेवढी १० हजारांवरून १८ हजार रुपयांवर गेली. व्यवस्थापकीय काम करणारे मात्र वगळलेले. म्हणूनच या उद्योगात तीन वर्षांत ‘असिस्टंट मॅनेजर’ होता येते. न्यायालये पदनामाकडे न पाहता प्रत्यक्ष कामाकडे पाहतात. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने एका बड्या आयटी कंपनीतील कर्मचाऱ्याला या मुद्द्यावर कामगार ठरवून परत घेण्याचा आदेश दिला. पण त्यासाठी त्याला सात वर्षे लढावे लागले. एवढी वर्षे कोण थांबतो?

कामगार ठरला तरी त्याला मिळते काय? कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते ती कारखाने, खाणी आणि मळ्यांना. सेवा केंद्रांना ते बंधन पूर्वीही नव्हते आणि आताही नाही. ते असावे, असे माझे म्हणणे नाही. परवानगीच्या राजवटीने गिरण्या वाचल्या नाहीत, हे आपण पाहिले आहे. उरते ते एक महिन्याची सूचना आणि सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन. नव्या संहितेने त्यात पुनर्कौशल्य निधीची भर घातली: कपात झालेल्याच्या नावे मालकाने १५ दिवसांचे वेतन जमा करावयाचे. हेतू चांगला आहे. पण हे सारे ‘कपात’ झाली तरच. स्वेच्छेने सोडलेली नोकरी ही कपात नव्हे. त्यामुळे माझ्या शेजाऱ्यापुढे राजीनाम्याचा मसुदा का ठेवला गेला, हे वाचकांच्या लक्षात येईल.

बेकारीच्या काळातील मदतीची अवस्था याहून वेगळी नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. तीत सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. पण ती विमाधारकांपुरती, म्हणजे २०१७ मध्ये ठरलेल्या २१ हजार रुपयांच्या मासिक वेतनमर्यादेत असलेल्यांपुरती. चौदा वर्षे नोकरी केलेला कोणीही ती मर्यादा कधीच ओलांडून गेलेला असतो. तो गरीब नाही म्हणून योजनेत नाही, आणि श्रीमंत नाही म्हणून सहा महिने घरी बसू शकत नाही.

अमेरिकेचे उदाहरण येथे दोन्ही अर्थांनी शिकण्यासारखे आहे. आयातीमुळे नोकरी गेलेल्यांना प्रशिक्षण व भत्ता देणारी तेथील योजना १९६२ च्या व्यापार कायद्यापासून चालत आली. संगणक अभियंत्यांनी अर्ज केले तेव्हा ‘सॉफ्टवेअर ही वस्तू नव्हे’ असे सांगून श्रम खात्याने ते फेटाळले. प्रकरणे न्यायालयात गेली, २००९ मध्ये सेवाक्षेत्राचा समावेश झाला आणि २०२२ च्या मध्यावर योजनेची मुदतच संपू देण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटमध्ये परदेशी पाठवलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर लावणारे विधेयक मांडले गेले. त्याच महिन्यात एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. विस्थापितांना हात देणारी यंत्रणा मोडीत काढली, की रागाला भिंतींखेरीज वाट उरत नाही.

आपण अजून आकड्यांच्या आनंदात आहोत. नॅसकॉमच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर आणि मनुष्यबळ ५८ लाख होते. बहुराष्ट्रीय कंपन्यांची १,७०० हून अधिक क्षमता केंद्रे देशात आहेत आणि उत्तर प्रदेशपासून महाराष्ट्रापर्यंत राज्ये त्यांच्यासाठी सवलतींची धोरणे आखीत आहेत. त्याच काळात, जुलै २०२५ मध्ये, देशातील सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतले अधिक होते. दाव्यांची छाननी, हिशेब, ग्राहकांच्या तक्रारी ही कामे आता मनिलालाच जातील असे नाही. ती यंत्राकडेही जातील, आणि यंत्राला शिकवण्याचे काम पुन्हा याच मंडळींकडे येईल.

राज्ये सवलती देतच आहेत, तर त्या बदल्यात तीन गोष्टी मागता येतील. एखाद्या केंद्रात ठरावीक मुदतीत ठरावीक संख्येपेक्षा अधिक राजीनामे आले, तर ते कपात समजून कामगार आयुक्तांना कळवणे बंधनकारक करावे. पुनर्कौशल्य निधी अशा राजीनाम्यांनाही लागू व्हावा. आणि विमा महामंडळाच्या बेकारी भत्त्याला स्वतंत्र, अंशदानावर आधारलेला वरचा स्तर जोडावा, ज्यात हे कर्मचारी स्वतःच्या वेतनातून भर घालतील. यांपैकी कशालाही तिजोरीतून मोठी रक्कम लागत नाही. विरोध होईल तो पहिल्या मुद्द्याला, कारण राजीनाम्यांची मोजणी सुरू झाली की पुष्कळ काही उघडे पडेल.

शेजाऱ्याने मला राजीनाम्याची प्रत दाखवली. चार ओळींचे पत्र. दुसऱ्या ओळीत लिहिले होते, की वैयक्तिक कारणांमुळे मी ही नोकरी सोडत आहे. ही कारणे कोणती, असे मी विचारले. मसुद्यात ती आधीपासूनच होती, असे त्याने सांगितले.