चालता धंदा विकायचा असेल तर

भिवंडीतील आमच्या एका स्नेह्यांनी गेल्या वर्षी आपले सायझिंग विकायला काढले. पंचवीस वर्षांचा धंदा, काम भरपूर. पण घेणाऱ्याने फक्त मशीन आणि बॉयलरची किंमत बोलली. "इतकी वर्षे नाव कमावले, त्याचे मोल काहीच नाही काय?" असे त्यांनी आम्हाला विचारले. मोल होते, परंतु ते त्यांच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते.

सायझिंगवाला दुसऱ्याच्या सुताला खळ लावून बीम भरून देतो व किलोमागे मजुरी घेतो. माल त्याचा नसतो. म्हणजे हा सेवेचाच धंदा झाला. जीएसटीतही जॉबवर्क ही सेवाच मानली जाते. अशा धंद्यात घेणारा पुढच्या वर्षांचे काम विकत घेत असतो. मालक उठून गेल्यावर ते काम टिकेल काय, हा त्याचा खरा प्रश्न. त्याची तयारी दोन-तीन वर्षे आधी सुरू करावी.

पहिली गोष्ट हिशेब. वहीत न आलेल्या रोख मजुरीला सौद्यात कोणी पैसे देत नाही. शिवाय, समजा, नफा १२ लाख दिसतो. पण मालक स्वतः दिवसभर राबतो व पगार घेत नाही. घेणारा त्या जागी ५ लाखांचा मॅनेजर धरतो. उरले ७ लाख. नफ्याच्या तिप्पट भाव ठरला तर ३६ लाखांचे २१ लाख होतात. माणूस आधीच नेमला तर नफा ७ लाखच दिसेल, पण तो खात्रीचा ठरेल आणि मालकाला नवी गिऱ्हाइके आणायला वेळ मिळेल. खात्री पटलेला घेणारा चौपटीलाही तयार होऊ शकतो.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइके. निम्मे काम एकाच व्यापाऱ्याचे असेल तर घेणारा बिचकतो. काम वाटून घ्यावे, दर व उधारीची मुदत लेखी ठेवावी, जुनी येणी वसूल करावीत.

तिसरी गोष्ट कागदपत्रे. बॉयलरचा दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, जागेचा करार, कामगारांचा पीएफ व ग्रॅच्युइटी हे सारे तपासले जाते. देणे बाकी असेल तर आपणहून सांगावे. सांगितलेले देणे किमतीतून वजा होते. लपवलेले निघाले तर सौदाच मोडतो.

चालता धंदा संपूर्णपणे सोपवला तर त्या हस्तांतरावर जीएसटी लागत नाही. मशीन सुटी विकली तर लागतो. म्हणून बयाणा घेण्यापूर्वीच सी.ए.चा सल्ला घ्यावा.

आमच्या स्नेह्यांनी विक्री तूर्त थांबवली आहे. आम्ही त्यांना एकच कसोटी सांगितली: महिनाभर गावी जाऊन राहा, फोन करू नका. परत आल्यावर बीम वेळेवर गेलेले दिसले, तर धंदा विकायला तयार झाला असे समजा.