बेटावरून बोटीनं वसईला: डोंबिवली-ठाणेकरांसाठी एका दिवसाचं नियोजन

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सावरली आहेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

कल्याणच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "एका दिवसात, बोटीचा प्रवास होईल आणि काहीतरी ऐतिहासिकही पाहता येईल, अशी सहल सुचवा. सोबत वयस्कर माणसं आहेत." माझं उत्तर आहे भाईंदर ते वसई. पण या सहलीत मी एकदा सपशेल आपटलोय, म्हणून आधी ते सांगतो आणि मग नियोजन.

कुठलं बेट?

आता तुम्ही म्हणाल, भाईंदर बेटावर कधीपासून? तर भाईंदर, बोरिवली, अंधेरी आणि आपलं जुनं ठाणे शहर, हे सगळं साष्टी बेटावर आहे. नकाशा उघडून बघा. उल्हास नदी कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालून वाहत येते. ठाण्याजवळ तिचा मोठा प्रवाह पश्चिमेला वळतो आणि घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जातो. एक चिंचोळा फाटा दक्षिणेला ठाणे खाडीला मिळतो. दोन्हीकडे खारं पाणी, पश्चिमेला समुद्र, म्हणून हे बेट. 1853 मध्ये पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली. तिला कल्याणला पोचायला 1854 उजाडलं, कारण मधे खाडी होती आणि तिच्यावर पूल बांधावा लागला. म्हणजे डोंबिवलीकर रोज लोकलनं मुख्य भूमीवरून बेटावर कामाला जातो, फक्त त्याला ते जाणवत नाही.

या बेटाच्या उत्तर टोकाला भाईंदर आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. रस्त्यानं गेलात तर 35 किलोमीटरच्या आसपास वळसा. फेब्रुवारी 2024 पासून इथे रोरो बोट चालते. रोरो म्हणजे जिच्यात गाडी थेट चालवत चढवता येते ती. आपण पायी जाणारे, आपल्याला नुसतं तिकीट पुरतं. सेवा सुरू झाली तेव्हा मोठ्या माणसाला 30 रुपये होते. पाण्यावरचा वेळ पंधरा-वीस मिनिटं.

माझी चूक

पहिल्या वेळी मी आईला घेऊन गेलो. तिचं वय 71, उजवा गुडघा दुखरा. मी ठरवलं होतं की बोटीनं जायचं, बोटीनंच यायचं. जाताना झकास गेलो. किल्ल्यात रमलो, इतके रमलो की शेवटच्या फेरीची वेळ विचारायचीच राहिली. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट गेलेली. यात चूक सगळी माझी. अंधार पडायला लागला, किल्ल्यातल्या त्या रस्त्यावर एकही रिक्षा नाही. रिक्षा मिळेपर्यंत आईला बरंच चालावं लागलं. पुढे स्टेशनचे जिने. दोन आठवडे तिचा गुडघा सुजलेला होता. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आता मला नको रे नेऊस कुठे." ते मला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी धक्क्यावर मासळीच्या टोपल्या आवरणाऱ्या एक कोळीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, घड्याळ बघून निघालात, तिथी बघून नाही निघालात."

तिथीची पाऊणपट

हे गणित किनाऱ्यावर अनेकांना तोंडपाठ असतं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल तो साधारण पूर्ण भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

हे जुळतं कसं? चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. बघा, किती जवळ जातं! खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरा. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाणाची भरती. पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी.

बोटीला याचं काय? ओहोटीला काठाशी पाणी उथळ होतं, चिखल उघडा पडतो, उतरायचा उतार जास्त तीव्र वाटतो. गुडघेदुखीच्या माणसाला भरलेल्या पाण्यात चढणं-उतरणं सोपं. शिवाय पाण्याप्रमाणे फेऱ्यांच्या वेळा पुढे-मागे होऊ शकतात. म्हणून आदल्या दिवशी चौकशी करायचीच. पावसाळ्यात तर बोट चालू आहे का, इथपासून विचारायचं.

मी घरी येऊन हे गणित आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. पण चार महिन्यांनी, डिसेंबरात, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेऊन बसली आणि म्हणाली, "या रविवारी त्रयोदशी आहे. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी पाणी भरलेलं असेल. चल, जाऊन येऊ."

दिवस उलटा आखायचा

मुख्य मुद्दा हा: ही सहल शेवटाकडून आखा. आधी परतीची गाडी, मग पाणी, मग किल्ला.

परतीला बोट नको, रेल्वे घ्या. वसई रोडहून दिव्याला जाणारी मेमू गाडी आहे. जुचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, कोपर अशी ती येते. दादरचा वळसा वाचतो, साधारण तासाभराचा प्रवास. मात्र दिवसभरात फेऱ्या मोजक्याच असतात, दोन गाड्यांमध्ये कित्येक तास जाऊ शकतात. आदल्या रात्री वेळापत्रक बघून दुपारची एक गाडी नक्की करा. किल्ला ते वसई रोड स्टेशन सहा-सात किलोमीटर आहे, रिक्षा किंवा बससाठी पाऊण तास राखून ठेवा. त्याआधी जेवणाला एक तास. एवढं मागे मोजलंत की किल्ल्यातून कधी निघायचं, ते आपोआप ठरतं.

जाताना: डोंबिवलीहून सातच्या आत लोकल, ठाण्याहून बसनं घोडबंदर रस्त्यानं भाईंदर. दादरला गाडी बदलूनही जाता येतं, पण जिने चढावे लागतात. रविवारी सकाळी घोडबंदर रस्ता त्यातल्या त्यात मोकळा असतो. भाईंदर पश्चिमेला स्टेशनहून धक्क्यापर्यंत रिक्षा.

बोटीत उजवीकडे उभे राहा. रेल्वेचे पूल दिसतात, त्यांच्या मध्ये पाणजू बेट. तिथल्या लोकांना नायगावला यायलाही बोटच. आपली सहल ती त्यांची रोजची ये-जा.

पाण्याकडूनच का जायचं?

कारण वसई पाण्याकडे तोंड करून बांधलेलं शहर आहे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना हा भाग मिळाला आणि त्यांच्या उत्तर प्रांताची ही राजधानी झाली. किल्ल्याला दोन मुख्य दरवाजे, एक भुई दरवाजा, दुसरा बंदर दरवाजा. रस्त्यानं आलात तर तुम्ही मागच्या दारानं शिरता. बोटीनं आलात तर दर्शनी दारापाशी उतरता. पाण्यावरूनच चर्चचा मनोरा दिसायला लागतो.

आत चर्चचे अवशेष आहेत, त्यातल्या एकाच्या फरशीत कोरीव अक्षरांचे थडग्यांचे दगड. जवळच नागेश्वराचं देऊळ आणि चिमाजी अप्पांचा पुतळा. त्यांची मोहीमही बेटाकडून वसईकडे अशीच गेली. मार्च 1737 मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तो आज मध्यवर्ती कारागृह आहे. मग साष्टी, आणि मे 1739 मध्ये वसई. आपण वीस मिनिटांत ओलांडतो त्या खाडीला त्यांना दोन वर्षं लागली. नाशिकची नारोशंकराची घंटाही वसईच्याच चर्चमधली.

वयस्कर माणसांना सगळा किल्ला दाखवायचा हट्ट धरू नका. दोन चर्च, देऊळ आणि सावलीत बसून डबा, एवढं भरपूर. पाणी भरपूर न्या.

परत येताना

आम्ही दुपारची मेमू पकडली, तीही वीस मिनिटं आधी पोचून. भिवंडी रोडनंतर गाडी उल्हास नदीच्या पुलावर आली. आईनं खिडकीतून खाली पाहिलं. ओहोटी लागली होती, दोन्ही काठांना चिखल चमकत होता.

"हेच का रे सकाळचं पाणी?" तिनं विचारलं.

हेच. कल्याण-डोंबिवलीहून या पाण्यानं थेट वसईपर्यंत बोट नेण्याची चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. ती सुरू होईल तेव्हा होईल. तोपर्यंत बेटाच्या टोकावरून जायचं.

कोपरला जिना उतरताना आईनं माझा हात धरला होता. खाली येऊन म्हणाली, "पुढची त्रयोदशी कधी आहे, बघून ठेव."

तुम्ही जाऊन आलात तर कळवा. भेटू पुढच्या भागात!