वजन वाढण्याआधी लघवीत काय दिसतं?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. पाऊस बेताचा आणि विहिरींचा भरवसा नाही, असा हा भाग. आश्रमात गावातल्या पोरांना जी कामं शिकवली गेली, त्यांत भूजल शोधण्याचं एक काम होतं. जमिनीत चार सळया ठोकायच्या, वीज सोडायची, जमीन विजेला किती विरोध करते ते मोजायचं आणि खाली पाणी असेल की नाही याचा अंदाज बांधायचा. खोदाईवर कर्ज काढून पैसे घालण्याआधी मिळालेला हा अंदाज शेतकऱ्याच्या फार कामाचा असतो. तो चुकूही शकतो, पण नुसत्या नशिबावर खोदण्यापेक्षा केव्हाही बरा.

शरीराच्या बाबतीत असा अंदाज बांधता येईल का, यावर गेली दोनेक दशकं गंभीर संशोधन चालू आहे. एकाच घरातले दोघे भाऊ एकाच ताटातलं जेवतात. एकाचं पोट सुटतं, दुसरा तसाच सडपातळ राहतो. कोणाला हे अन्न बाधणार, हे वजन वाढायच्या आधीच कळलं तर? आणि तेही सुई न टोचता, फक्त लघवीच्या नमुन्यातून?

लघवीला मुंग्या लागल्या की साखर झाली, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. आज गरोदर बाई तपासणीला गेली की लघवीत पट्टी बुडवून प्रथिनं आणि साखर बघतात. पण लघवीत याहून कितीतरी जास्त मजकूर असतो. पेशींनी काय जाळलं, यकृताने काय बदललं, आतड्यातल्या जिवाणूंनी आपल्या जेवणातून काय बनवलं, या सगळ्याचे शेकडो रेणू त्यात उतरतात. मोसंबी खाल्ली की प्रोलीन बीटेन नावाचा रेणू लघवीत येतो. फळं, भाज्या, चहा यांतल्या वनस्पतिजन्य घटकांवर जिवाणू काम करतात, यकृत त्यावर शेवटचा हात फिरवतं आणि हिप्पुरेट तयार होतं. ताकदवान चुंबकात लघवीचा नमुना ठेवला की त्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळतात, आणि प्रत्येक रेणूचा संकेत वेगळा असतो. या तंत्राला एनएमआर म्हणतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या जेरेमी निकल्सन यांच्या गटाने ते या कामासाठी रुळवलं.

अंदाजाच्या प्रश्नाला थेट भिडणारा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. मार्क-इमॅन्युएल द्युमा आणि सहकाऱ्यांनी जनुकीयदृष्ट्या एकसारखे पन्नास उंदीर घेतले. चरबीयुक्त खाद्य सुरू करण्याआधीच त्यांच्या लघवीचे नमुने घेतले. खाद्य सगळ्यांना सारखंच, तरी काही उंदीर लठ्ठ झाले, काही झाले नाहीत. काहींची साखर बिघडली, काहींची नाही. पुढे काय होणार याचा अंदाज आधीच्या नमुन्यांमधल्या रेणूंवरून ९४ ते १०० टक्के अचूकतेने बांधता आला. जनुकं एकच असल्यामुळे हा फरक वंशाचा म्हणता येत नाही. अंदाज सांगणारे रेणू जिवाणू आणि शरीर यांच्या भागीदारीतून बनलेले होते.

त्यातला सर्वांत बोलका रेणू टीएमएओ. अंडी, मांस यांतल्या कोलीन आणि कार्निटीनपासून जिवाणू टीएमए बनवतात आणि यकृत त्याचं टीएमएओ करतं. मासळीत तर तो तयारच असतो. या प्रयोगात उंदरांना टीएमएओ दिल्यावर त्यांची साखर कमी बिघडली. दुसरीकडे, माणसांच्या रक्तात टीएमएओ जास्त असण्याचा संबंध हृदयविकाराशी जोडला गेला आहे. एकच रेणू एका ठिकाणी राखण करताना दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी धोक्याची खूण ठरतो. म्हणून ‘अमुक रेणू वाढला म्हणजे वाईट’ अशी सोपी यादी कोणी हातात ठेवली, तर माझा त्यावर विश्वास बसणार नाही.

माणसांवरचं मोठं काम २०१५चं. अमेरिकेतल्या १८८० आणि ब्रिटनमधल्या ४४४ प्रौढांनी प्रत्येकी दोनदा चोवीस तासांची लघवी साठवून दिली. शरीराच्या जाडीशी नातं सांगणारे २९ रेणू त्यात सापडले. काम भरीव आहे, पण ते आधीच जाड वा बारीक झालेल्या माणसांचं वर्णन आहे, भाकीत नाही. हे नमुने इंटरमॅप नावाच्या अभ्यासातले. तो अभ्यास अमेरिका, ब्रिटन, चीन आणि जपानमध्ये झाला. भारत त्यात नाही. आणि आपल्याकडचं शरीर वेगळं आहे, हे सगळ्यांत स्पष्टपणे दाखवलं ते पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांनी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. या माता शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं साधारण २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. मापं घेतली तेव्हा आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव खूपच लहान निघाले, पण चरबी त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणारं बाळ आतून चरबी सांभाळून जन्माला आलं होतं. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा आणि उंचीची पट्टी दोघांमध्ये काडीचा फरक दाखवत नव्हती.

त्या मातांची मुलं अठरा वर्षांची झाली, तेव्हा ६१९ जणांची साखर तपासली. जवळपास निम्मी अजूनही कमी वजनाची होती. तरीही मुलग्यांमधल्या ३७ टक्क्यांची आणि मुलींमधल्या १८ टक्क्यांची साखर बिघडलेली निघाली, बहुतेक सगळी मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीवर. हे आकडे वाचून मी बराच वेळ पुढे जाऊ शकलो नाही. ही मुलं खाऊन-पिऊन सुस्तावलेली नव्हती. त्यांच्या गावात वडापाव, बिस्किटांचे पुडे आणि थंड पेयं पोचली, त्याच्या खूप आधीच त्यांच्या शरीराची घडण होऊन गेली होती.

कारण शोधताना संशोधक मातांच्या रक्तापर्यंत मागे गेले. दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेटची कमतरता मात्र फक्त एकीत आढळली. फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, अशा मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. घरात मांसाहार क्वचित आणि गाईचं दूध डेअरीला जाणारं, तिथे बाईच्या वाट्याला ते कुठून येणार?

लघवीची तपासणी इथे खरी उपयोगाची ठरू शकते. बी-१२ नसलं की पेशींमधली एक रासायनिक साखळी मध्येच अडते आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल साचतं. ते रक्तात वाढतं आणि लघवीत उतरतं. पुण्याच्या अभ्यासात दहातल्या नऊ मातांच्या रक्तात ते वाढलेलं होतं. लंडनच्या चुंबकयंत्राने २९ रेणू शोधणं आपल्या उपकेंद्राला परवडणारं नाही. पण हा एक रेणू मोजणारी स्वस्त चाचणी आशाताईच्या हाती आली, तर पुढच्या पिढीच्या चरबीचा आणि साखरेचा अंदाज आईच्या गरोदरपणातच, किंबहुना त्याच्याही आधी बांधता येईल.

यात एक तांत्रिक अडचण आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणं आपल्याला महागात पडेल. उन्हात दिवसभर खुरपणी केलेल्या बाईची लघवी दाट, तर घरी बसून पाणी पिणाऱ्याची पातळ. म्हणून प्रत्येक रेणूचं प्रमाण क्रिएटिनीनच्या तुलनेत सांगतात. पण क्रिएटिनीन येतं स्नायूंमधून. ज्यांचे स्नायूच जन्मापासून कमी, त्यांच्यात क्रिएटिनीन कमी पडणार आणि बाकीचे रेणू उगाच वाढलेले दिसणार. पाश्चात्त्य शरीरांवर ठरवलेल्या मर्यादा इथे जशाच्या तशा लावल्या, तर निरोगी बाईलाही आजारी ठरवलं जाईल. आपल्या मर्यादा आपल्याच गावांत ठरवाव्या लागतील.

अंदाज म्हणजे विधिलिखित नव्हे, हेही खरं. पण तो पुसणं किती अवघड असतं, हे पुण्यात वाढवलेल्या उंदरांच्या अभ्यासातून दिसलं. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या या उंदरांबद्दलचं संशोधन २०१५ साली आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. त्यांना नंतर दोन पिढ्या भरपूर खायला दिलं, तरी लठ्ठपणाकडे आणि मधुमेहाकडे असलेला त्यांचा कल गेला नाही. उपाशी पिढ्यांना अचानक भरपूर मिळालं की काय होतं, हे आपण खेड्याखेड्यात बघतोच आहोत. म्हणून वजन वाढलेल्या माणसाला ‘तोंडावर ताबा ठेव’ असं सुनावणं मला अन्यायाचं वाटतं.

सहा गावांतल्या त्या मुलांना किशोरवयातच, म्हणजे ती स्वतः आईबाप होण्याच्या आधीपासून, बी-१२ची अगदी छोटी मात्रा देणारी चाचणी २०१२ साली सुरू झाली. दिवसाला दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. अशा चाचण्यांमधल्या मुलामुलींच्या लघवीचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवले आणि पुढे कोणाचं वजन, कोणाची साखर बदलली हे त्यांच्याशी ताडून पाहिलं, तर भारतीय शरीरासाठीची रेणूंची यादी तयार व्हायला लागेल. त्यासाठी फ्रीझर लागतील, वीज अखंड लागेल आणि गावोगाव नमुने गोळा करणाऱ्या बायकांना नियमित मानधन लागेल.