पाबळची कर्मशाळा

हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची प्रतिष्ठित नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम स्थापिला, तेव्हा परीक्षेच्या चाळणीतून गळालेली, दप्तरी नापास म्हणून नमूद झालेली ग्रामीण मुलेच त्यांना प्रामुख्याने शिष्य म्हणून हवी होती. वेल्डिंगपासून पशुपालनापर्यंत नाना कामे येथे एकाच विद्यार्थ्याच्या हातून होतात. आणि लोखंडी अँगल कापून, त्रिकोणास त्रिकोण जोडीत घुमटाकार घर उभारताना एखादी बाजू किंचित आखूड पडली, की बोल्ट भोकात बसतच नाही, मग भूमितीसाठी निराळे गुरुजी कशाला? गावकऱ्यांची कामे रीतसर मोबदला घेऊन करावयाची, हा दंडक मला विशेष मोलाचा वाटतो; गिऱ्हाईक काही शाळातपासनिसाप्रमाणे आगाऊ वर्दी देऊन येत नाही! येथून बाहेर पडलेल्या कित्येकांनी पुढे स्वतःचे छोटे कारखाने थाटले.