तापीकाठची ‘पडीक’ जमीन : पश्चिम खानदेशातील वसाहतीकरणाचा एक विचार

प्रस्तावना :

१८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्यावरील रोगामुळे दुष्काळ ओढवला. सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले आणि त्याहून अधिक देशांतरास निघाले. पुढे अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने जमीन कसू इच्छिणाऱ्यास १६० एकर देऊ केले. (बहुसंख्य आयरिश शहरांतच राहिले, हा भाग वेगळा.) कागदावर मोकळी असलेली ती जमीन मूळ रहिवाशांची होती. ‘मोकळी’ किंवा ‘पडीक’ या शब्दाने काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-तळोदा परिसराच्या संदर्भात केला आहे.

जमीन आणि कर्ज :

१८०२ मधील होळकरी धाड आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे खानदेश उजाड झाला होता. १८१८ मध्ये तो कंपनी सरकारच्या ताब्यात आला. सरकारला महसूल हवा होता व महसुलासाठी कसणारे हात. तगाई, कौल आणि सौम्य आकारणी देऊन शेतकऱ्यांना बोलावण्यात आले. गुजर कुटुंबे काही त्यापूर्वीच आली होती, काही नंतर आली. पोटासाठी गाव सोडून आलेल्या या कष्टाळू समाजास आक्रमक ठरविणे अन्यायाचे होईल. तापीकाठच्या बागायतीमागे त्यांचे श्रम आहेत.

मात्र एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आउट्रॅमने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली, त्याच सुमारास भिल्लांनाही जमिनी, बैल व बियाणे देऊन स्थायिक करण्यात आले. म्हणजे भिल्ल भूमिहीन म्हणून या व्यवस्थेत आले नाहीत. ते तिच्यात भूमिहीन झाले. १८५२ पासूनच्या सर्वेक्षणाने जमीन मोजली गेली आणि हस्तांतरणीय झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये कापूस महागला व जमिनीला भाव आला. सावकाराला ती तारण म्हणून चालू लागली. कर्ज, दिवाणी दावा, जप्ती या क्रमाने जमीन गेली. जमिनीचा धनी सालदार होऊन दुसऱ्याच्या शेतात राबू लागला. यात कोणा एकाचा कट असण्याची गरज नव्हती. कायदा व बाजार पुरेसे होते.

१९७२ मध्ये श्रमिक संघटना व अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली शहाद्यात हा प्रश्न ऐरणीवर आला. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्याची तरतूद झाली. तथापि तिची कालमर्यादा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ एवढीच आहे. एकोणिसाव्या शतकातील जप्त्या तिच्या कक्षेत येत नाहीत.